हेमंत, कुस्तीचं चित्र का थांबलं ते सांगतो

हेमंत, तू गेल्याचं मला गावच्या ग्रुपवर कळलं. बातमीखाली हात जोडल्याची चित्रं पडत होती. परवापरवापर्यंत जे तुला 'खानदेशी व्हिडिओवाला' म्हणत होते, त्यांचेही हात त्यात होते. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि खरं लिहायचं तर मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. आता हा कुणाला सांगणार नाही, असं मनात आलं. ते फार टिकलं नाही. मी बायकोला, सुमनला हाक मारली, ती हातातलं पीठ तसंच घेऊन आली आणि फोन बघून जमिनीवरच बसली. पण आधी ते आलं होतं. ज्याला माणूस गेल्यावर हायसं वाटतं, त्याने त्या माणसाबद्दल चार गोड वाक्यं लिहून मोकळं होऊ नये. म्हणून हे सगळं लिहितो आहे.

तुझं शिक्षण, तुझी कंपनी, तुझे पुरस्कार यातलं मला काही सांगता येणार नाही. ते तुझ्या लोकांना ठाऊक आहे. तू आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलास, तेवढ्यातलं मी सांगतो. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नाही.

आमचं गाव पुण्याच्या पश्चिमेला, माले गावाच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. इथून लोक नोकरीसाठी पुण्याकडे जातात. पुण्याची नोकरी घेऊन इथे राहायला येणारा तू पहिलाच. खोल्या बघायला आलास तेव्हा नळाला पाणी येतं का, हेसुद्धा विचारलं नाहीस. फोन हातात धरून अंगणात, गोठ्यामागे, पार ओढ्यापर्यंत फिरून आलास आणि म्हणालास, "छान आहे, काका. इथलं नेटवर्क फारच खराब आहे."

सुमन म्हणाली, "चांगलं मागणारे लई बघितले. वाईट मागणारा ह्यो पहिलाच."

घरात तू वायरचं इंटरनेट ओढून घेतलंस. म्हणजे आत चांगलं आणि बाहेर वाईट, अशी दोन्हीकडून सोय. तुझी बायको वैशाली सकाळी पिरंगुटला कामावर जायची आणि तू दिवसभर पडदे ओढून वर बसायचास. मी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली, पोरं कुठे लपतात ते मला कळतं. वाईट नेटवर्क कुणाला हवं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. एकच उत्तर सुचलं. ज्याला सापडायचं नाही त्याला.

एकदा टाकीतलं पाणी बघायचं निमित्त करून मी वर आलो. तुझं दार उघडं होतं. टेबलावर जुने-नवे फोन ओळीने उभे केलेले आणि सगळ्यांवर एकच क्रिकेटचा सामना चालू.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"फोन."

"ते दिसतंय. इतके?"

"सट्टा नाही, काका," तू हसून म्हणालास.

मी तो शब्द तोंडातून काढलाही नव्हता. न विचारता नाकारतोय म्हणजे काहीतरी असणार, हे मी जिना उतरता उतरता पक्कं करून टाकलं.

मग धोंडिबा आला. त्याची मेंढरं वरच्या माळावर असतात. "मास्तर, तुमचा भाडेकरू रोज धरणाकडच्या वळणावर येतुया. फोनकडं बघत चालतुया, मधीच थांबतुया, माघारी फिरतुया. कुणा बिल्डरचा माणूस हाय का बघा. जमीन मोजत आसंल." आमच्याकडे फोन घेऊन माळावरून चालणाऱ्या परक्या माणसाचा एवढाच अर्थ होतो.

तेव्हा मी तुला ओट्यावर बसवून सरळ विचारलं. तू जरा विचार केलास आणि म्हणालास, "माझं काम पंगतीत वाढण्याचं आहे, काका."

मला वाटलं तू थट्टा करतोयस. पण तू समजावून सांगितलंस. कुठे सामना चालू असतो, त्याचं चित्र तुम्ही छोटे छोटे तुकडे करून पाठवता. प्रत्येक तुकडा तीन-चार प्रतींचा. एक स्वच्छ, एक मध्यम, एक धुरकट. बघणाऱ्याच्या फोनला नेटवर्क चांगलं मिळालं की तो स्वच्छ तुकडा मागतो, नेटवर्क पडलं की धुरकट मागतो. "आमटी कमी पडली की आचारी पाणी घालतो ना? तसंच. पातळ वाढलं तर लोक नावं ठेवतात, पण जेवतात. पान रिकामं राहिलं की पडद्यावर ती गोल चकरी फिरायला लागते आणि माणूस उठून जातो."

"आणि वळणावर काय असतं?"

"तिथे नेटवर्क मरतं. ते मरताना माझा फोन धुरकट तुकड्यावर वेळेत येतो की उशिरा, ते बघायचं असतं. ऑफिसात बसून नेटवर्क असं मरत नाही." आणि मग तू ते सांगितलंस, ज्याच्यावरून पुढचं सगळं झालं. "शिवाय दोन-चार बादल्या आधीच भरून बाजूला ठेवायच्या. फोनवर दिसतं ते प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट मागे असतं. तेवढा साठा हाताशी असला की मध्ये खंड पडला तरी वाढणं चालू राहतं."

"म्हणजे तू शिळं वाढतोस."

"शिळं, पण पोटभर."

हा आपला वाद तिथे सुरू झाला. मी म्हणायचो, जे घडताना दिसत नाही त्याला थेट म्हणू नये. तू म्हणायचास, जे मध्येच तुटतं ते दिसलं असं तरी कसं म्हणायचं? संध्याकाळी ओट्यावर तू चहा घ्यायला खाली यायचास आणि आपण तिथूनच पुढे सुरू करायचो. मला मुलगा नाही. वाद घालायला तरणं माणूस घरात असणं काय असतं, ते मला तेव्हा कळत होतं. ते मी तुला कधी बोललो नाही.

आमच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान खोऱ्यात नावाजलेलं आहे आणि तिथे मी कित्येक वर्षं पंच होतो. पंचाकडे दुसरं काही नसतं, त्याचा शब्द असतो. जमिनी विकून भूगाव-भुकूमच्या फ्लॅटांत गेलेले आमचे लोक दर वर्षी म्हणायचे, आम्हाला घरी बसून कुस्त्या दिसल्या पाहिजेत. तू आपण होऊन पुढे आलास. पहिल्या वर्षी तू एक बारीक कॅमेरा, दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि लॅपटॉप घेऊन मैदानाच्या कडेला बसलास आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्र एकदाही तुटलं नाही. आबांनी, म्हणजे आमच्या जत्रा कमिटीच्या अध्यक्षांनी, तुला फेटा बांधला. तो तुला मोठा झाला होता आणि सारखा डोळ्यांवर येत होता.

पण त्याच दिवशी एक गोष्ट घडली. आमच्या गावातल्या किसनच्या पुतण्याने, गणेशने, आपली कुस्ती मारली. किसन मैदानात होता. त्याने तिथूनच भूगावला भावाला फोन लावला. "आपल्या गण्यानं मारली रं."

भाऊ टीव्हीपुढे बसलेला. "कुटं मारली? आजून लढतायत की."

"आरं, चितपट झाला त्यो."

"मी हितं डोळ्यांनं बघतुया, किसन. दोघं बी हुभं हायेत."

आणि मग भावाच्या टीव्हीवर गणेशने समोरच्याला आपटलं.

त्या दिवशी लोक हसले. पुढे त्याचा अर्थ लावला गेला. कुस्ती चालू असताना किसनला निकाल माहीत होता. म्हणजे निकाल आधी ठरतो. मग तो ठरवतो कोण? न्हाव्याच्या दुकानात मला ऐकवलं गेलं, "मास्तर, पुढल्या वर्सीचा निकाल आत्ताच सांगून टाका की, पैलवानांची दगदग तरी वाचंल." सगळे हसले, मीही हसलो. गालावर साबण होता, चेहरा झाकलेला होता, हे बरं झालं.

मी तुला घेऊन आबांकडे गेलो. तू त्यांना अर्ध्या मिनिटाचं सगळं समजावलंस. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यो आर्धा मिनिट आसतो कुनाकडं?"

"आमच्याकडे. म्हणजे साठ्यात."

"आन् तेवढ्यात तुमी काय करता?"

"काही करत नाही, आबा. नुसतं धरून ठेवतो."

"काई करायचं न्हाई, तर धरता कशाला?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला त्या क्षणी आबांचा प्रश्न रास्त वाटला होता, हे आज कबूल करतो. मी रोज तुझ्याशी वाद घालत होतो, तरी मलासुद्धा वाटून गेलं, खरंच, काय करत असेल हा तेवढ्यात?

दुसऱ्या वर्षी जत्रा जवळ आली तसा मी वर आलो. वैशाली घरात नव्हती. मी म्हणालो, "तो साठा काढून टाक."

"किती?"

"सगळा."

"सगळा निघत नाही. दोन-तीन सेकंदांवर आणता येईल. पण काका, त्या दिवशी मैदानात गर्दी बघा. प्रत्येकाच्या हातात फोन आणि सगळ्यांना मिळून एक टॉवर. साठा नसताना खंड पडला तर चित्र धुरकट व्हायलाही सवड मिळणार नाही, सरळ थांबेल. आणि पुन्हा चालू होताना थांबलं तिथून होणार नाही, एकदम पुढे उडी मारेल."

"थांबू दे. उडी मारू दे. मला लोकांनी चोर म्हणता कामा नये."

तू टेबलावरचा एक फोन उचलून उलटा ठेवलास. मग म्हणालास, "ठीक आहे. पण आबांना आधीच सांगून ठेवू या, की या वर्षी चित्र मध्ये थांबू शकतं."

"नको. पंचाने व्हिडिओत हात घातला हे कळलं, तर संपलंच. यात माझं नाव येता कामा नये."

"नाही येणार," तू म्हणालास.

एवढंच. तू वचन वगैरे म्हणाला नाहीस, मीही मागितलं नाही.

शेवटची कुस्ती गणेशची होती, धुळ्याच्या पैलवानाशी. हलगी घुमत होती, मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती आणि ज्याचा-त्याचा हात वर होता, हातात फोन. धुळेकराने ढाक लावून गणेशला पाठीवर घातलं. मी मातीत गुडघ्यावर होतो. गणेशचे दोन्ही खांदे टेकलेले मी हाताच्या अंतरावरून बघितले आणि शिट्टी दिली. त्यात आजही मला शंका नाही. पण त्याच सुमारास भूगावच्या टीव्हीवर दोघे उभे असताना चित्र गोठलं, चकरी फिरत राहिली, आणि चित्र आलं तेव्हा धुळ्याचा पैलवान लोकांच्या खांद्यावर होता. पाठ लागली तो क्षण कुणालाच दिसला नाही.

किसनचा फोन वाजायला लागला. मग बाकीच्यांचेही. "दावलं न्हाई. मुद्दाम दावलं न्हाई." आणि कुणीतरी ते बोललं, जे सगळ्यांना पटलं. पैलवान खानदेशातला, व्हिडिओवाला बी खानदेशातला. तू जळगावचा, तो धुळ्याचा. आमच्या लोकांना तिकडचं सगळं एकच.

कॅमेऱ्यातली मूळ फीत तू सगळ्यांना दाखवायला घेतलीस. तीत पाठ लागलेली स्वच्छ दिसत होती. किसनने बघितली आणि म्हणाला, "गेल्या वर्सी आर्धा मिनिट तुमच्याकडं हुता. आज तासभर मिळाला. तेवढ्यात काय बी करता येतंय."

मी त्या गर्दीत उभा होतो आणि माझ्या मनात काय चाललं होतं, ते सांगतो. मला वाटत होतं, यानेच थांबवलं. मी ऐकलं नाही म्हणून मला धडा शिकवायला बरोबर शेवटच्या कुस्तीला थांबवलं. ज्याने आधी सगळं स्पष्ट सांगितलं होतं, त्याच्यावर मी संशय घेत होतो, त्याने सांगितलं तसंच घडलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. गणेशकडचे लोक कुस्तीच मान्य करायला तयार नव्हते. आबांना भांडण मिटवायचं होतं. त्यांनी तुला विचारलं, "गेल्या वर्सी न्हाई थांबलं. आवंदाच कसं थांबलं? काय बदललं?"

"साठा कमी केला होता," तू म्हणालास.

"कुनी सांगितलं?"

तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस, हेमंत. त्यात मागणी नव्हती, रागही नव्हता. मी काय म्हणतो ते बघत होतास. आबांनीही माझ्याकडे मान वळवली. "मास्तर, तुमाला काय ठावं हाय का?"

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय?"

मग तू म्हणालास, "मीच कमी केला. माझी चूक झाली."

"कुनाच्या सांगन्यावरनं?" किसन पुन्हा म्हणाला. तू काही बोलला नाहीस. आणि तू बोलत नाहीस म्हणजे तू पैसे खाल्लेस, हे तिथल्या तिथे ठरलं. कुस्ती कायम राहिली. पंचाचा निकाल बरोबर आणि व्हिडिओवाला खोटा, अशी वाटणी सगळ्यांना सोयीची होती. माझं नाव स्वच्छ निघालं. घरी येताना सुमन वाटेत एवढंच म्हणाली, "त्या पोराचं तोंड बघितलं का तुमी?" मी बघितलं होतं.

त्यानंतर कुणी तुला काही केलं नाही. दुकानदार सामान द्यायचा, दूधवाला दूध टाकायचा. बोलायचं नाही, इतकंच. तू ओट्यावर चहाला येत राहिलास. पण मी बदललो. तू माझं नाव का घेतलं नाहीस, याचा मला उलगडा होईना आणि उलगडा न होणारी गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. मला वाटायला लागलं, याने हे राखून ठेवलंय. योग्य वेळी काढेल. वैशालीने जळगावचं भरीत करून खाली पाठवलं की मला वाटायचं, आज काहीतरी मागणार. तू नुसता डबा परत न्यायला यायचास. जसजसा तू काही मागत नव्हतास, तसतसा माझा संशय वाढत होता. आपला शिळ्या-ताज्याचा वाद मी काढेनासा झालो. तू एकदा म्हणालास, "काका, आजकाल भांडत नाही तुम्ही." मी वयाचं कारण सांगितलं.

तुम्ही भुकूमला फ्लॅटमध्ये राहायला गेलात, त्या दिवशी तू माझ्या पाया पडलास. वाकलास तेव्हाही मी श्वास रोखून उभा होतो, आता बोलेल म्हणून. तू "तब्येतीला जपा" म्हणालास आणि टेम्पोत बसलास.

शेवटचं भेटलो ते भुकूमच्या रस्त्यावर, भाजीच्या गाड्यापाशी. तू वाळला होतास. म्हणालास, "काका, एकदा घरी या. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

"काय?"

"या तर. असं सांगून कळणार नाही."

मी आलो नाही. मला वाटलं, त्या दिवशी वरच्या खोलीत आपण बोललो ते तू फोनमध्ये धरून ठेवलं असशील. तुझ्याकडे इतके फोन होते, त्यातला एखादा चालू असणार. ते तू मला ऐकवणार. तू पुन्हा दोनदा निरोप पाठवलास. मी एकदा गुडघेदुखी सांगितली, एकदा पाहुणे.

तू गेल्यावर कार्य आटोपलं आणि मी वैशालीला भेटायला आलो. तिथेही मी आधी चाचपूनच बोललो. काही म्हणाला होता का, कुणाचं नाव घेतलं होतं का. ती म्हणाली, "कशाबद्दल, काका?" आणि मग आठवल्यासारखी उठली, तुझे दोन फोन घेऊन आली. "हे त्यांना तुम्हाला दाखवायचं होतं. आजारपणातही म्हणायचे, काकांना बोलाव."

दोन्ही फोनवर तिने तुझ्या कंपनीचा एक थेट कार्यक्रम लावला. तुझ्याकडून ऐकून ऐकून तिला जेवढं कळलं होतं तेवढं तिने सांगितलं. एका फोनमध्ये जुनी पद्धत, दुसऱ्यात तू वर्षभर खपून केलेली. नवीन पद्धतीत नेटवर्क चांगलं असतं तोवर चित्र प्रत्यक्षाच्या अगदी जवळून चालतं. नेटवर्क अडखळायला लागलं की ते चित्र डोळ्याला कळणार नाही इतकं किंचित हळू होतं आणि तेवढ्यात आपला साठा आपणच वाढवतं. आणि थांबलंच, तर थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. मधलं गाळत नाही. ती फोन घेऊन लिफ्टमध्ये गेली, मला सोबत घेऊन. दार बंद झालं तसं जुन्या फोनवर चकरी फिरली आणि नंतर बोलणारा माणूस एकदम दुसऱ्याच वाक्यावर होता. नवीन फोनवर तो जरासा धुरकट झाला आणि बोलत राहिला. एकही शब्द सुटला नाही.

लिफ्ट वर-खाली होत होती आणि मी भिंतीला धरून उभा होतो. मी जे माझ्याविरुद्ध राखून ठेवलेलं शस्त्र समजत होतो, त्याला तू करायचं राहिलेलं काम समजत होतास. मी मागितलं होतं ते ताजंही आणि तू म्हणत होतास ते न तुटणारंही, दोन्ही तू एका पानावर वाढून ठेवलं होतंस आणि मला जेवायला बोलावत होतास.

"पण तुम्हालाच का दाखवायचं होतं?" वैशालीने विचारलं. "ते कधी सांगितलं नाही."

तेव्हा मी तिला सांगितलं. वरच्या खोलीतलं बोलणं, माझं नाव येता कामा नये हे, सभामंडपात तू माझ्याकडे बघितलंस ते. सगळं.

तिने दोन्ही फोन बंद केले. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी खरंच कुणाकडून काही घेतलं नव्हतं?"

हेमंत, तू तिलासुद्धा सांगितलं नव्हतंस. मला 'नाही येणार' म्हणालास, ते घरातही पाळलंस. ती म्हणाली, "मी किती वेळा विचारलं. दर वेळी म्हणायचे, माझी चूक झाली, विषय संपव. मला वाटायचं, धुळ्याच्या लोकांशी काहीतरी असेल. मी त्यांच्या पाकिटात बघायचे, काका. बँकेचे मेसेज बघायचे. शेवटच्या महिन्यातसुद्धा बघितले."

गावाने तुझ्यावर संशय घेतला, त्याचं मला ओझं होतं. पण तुझ्याच घरात, तुझ्या ताटासमोर बसून कुणी तुझ्याकडे त्या नजरेने बघत होतं, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? मला हे एकच तुला विचारायचं आहे आणि आता विचारता येत नाही.

निघताना ती दारात म्हणाली, "हे तुम्ही गावात सांगाल?" मी हो म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि तो असावा असं मी काही केलंही नव्हतं.

जत्रा जवळ आलेली आहे, कमिटीची बैठक होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. आबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "मास्तर, गेलेल्या मानसाचं चांगलं बोलावं, ते ठीक हाय. पर त्याच्यापायी सोताचं नाव कशाला घालवताय?"

"आबा, मी जे झालं ते सांगतोय."

किसन कोपऱ्यातून म्हणाला, "मंग दोन वर्सं गप का हुता?"

"भीत होतो."

"आन् आता भ्या गेलं व्हय? मानूस गेल्याबरुबर?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते मी या लेखाच्या सुरुवातीला लिहिलं आहे. तिथे ते तोंडातून आलं नाही. मी एवढंच सांगितलं, की या वर्षी मी पंच म्हणून मैदानात उतरणार नाही. लोक उठताना आपापसांत बोलत होते. कुणी म्हणत होतं म्हातारा हळवा झालाय, कुणी म्हणत होतं त्या बाईनं सांगायला लावलं.

मग मी ठरवलं, बैठकीत सांगून भागणार नाही. न्हाव्याकडे सांगितलं, दुकानात सांगितलं, पौडच्या एसटीत शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाला सांगितलं. लोक ऐकतात, मान हलवतात आणि माझ्याकडे बघत राहतात. ते बघणं मला ओळखीचं आहे. मी तुझ्याकडे असंच बघायचो.

आज सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. रांगेत किसन पुढे होता. त्याने किटली खाली ठेवली, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, आता खरं सांगा. धुळ्यावाल्यांनी तुमाला किती दिलं?"

"काही नाही."

"काई न्हाई कसं? व्हिडिओ तुमी बदलाया लावला, निकाल तुमी दिला. फुकट?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तवाच म्हनत हुतो, ह्यो येवढा वाकून काय बघतुया मातीत."

चाळीस वर्षांच्या शब्दावर कुणी थुंकावं तसं झालं. मी मापाला दूध घातलं, रिकामी किटली घेतली आणि त्यांच्यामधून चालत घरी आलो. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की रांगेत एवढं बोलणं झालं, पण त्यात तुझं नाव कुणीही घेतलं नव्हतं.

घरी येऊन मी वैशालीला फोन लावला आणि डेअरीवर कोण काय बोललं ते शब्दाला शब्द सांगितलं. ती ऐकत होती. तुझं नाव कुणी घेतलं नाही, हेही सांगितलं.

मग म्हणाली, "काका, उद्यापण जा."